जुन्या गाडीवर जीव कशामुळे जडतो?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडिलांच्या मागे दोन गाड्या तुमच्याकडे आल्या आहेत, एक १९६७ सालची बीटल, म्हणजे फोक्सवॅगन कंपनीची छोटी जर्मन गाडी, आणि दुसरी १९९७ सालची चार दरवाजांची सेडान. वेग, आराम, ब्रेक, इंधनाचा खर्च या सगळ्यांत सेडान सरस आहे, वडिलांनी तीच जास्त वर्षे चालवली आणि तुमच्या लहानपणीच्या बहुतेक आठवणीही तिच्याच मागच्या सीटवरच्या आहेत. असे असूनही येणारा-जाणारा थांबतो तो बीटलपाशी, आणि सेडान भंगारात काढा असे जवळजवळ सगळेच सांगतात. असे का होते, आणि हा सल्ला ऐकावा का, असे तुम्ही विचारले आहे.

गेली २६ वर्षे मी जुन्या गाड्या पूर्ण उतरवून पुन्हा उभ्या करण्याचे काम करतो आहे, आणि हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत माझ्यासमोर अनेकदा आला आहे. माझ्या मते यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. लोकांचा जीव कोणत्या गाडीवर जडतो हा एक, आणि तुम्ही स्वतःचा वेळ व पैसा कोणत्या गाडीवर घालावा हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लावले की चूक होते, आणि तुम्हाला मिळालेल्या सल्ल्यात नेमके तेच झाले आहे. तुमच्या गाड्या मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे पत्र्याची अवस्था, गाड्या किती वर्षे बंद उभ्या आहेत, ओलाव्यात होत्या की कोरड्या जागेत, आणि तुम्हाला स्वतः पाना हातात घ्यायचा आहे की नाही, यांवर पुढचे बरेचसे अवलंबून राहील.

गाडी चांगली होती म्हणून लोक तिला जपतात, हे नेहमी दिले जाणारे स्पष्टीकरण मला पटत नाही. इंग्लंडमधील दोन गाड्यांचे उदाहरण घ्या. ॲलेक इसिगोनिस यांनी आखलेली मॉरिस मायनर १९४८ साली आली आणि दहा लाखांचा टप्पा गाठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार ठरली. १९७१ साली त्याच घराण्यातली मॉरिस मरिना आली. तिच्या पुढच्या चाकांच्या सस्पेन्शनची मूळ मांडणीसुद्धा मायनरवरूनच घेतलेली होती. मरिना अधिक ऐसपैस होती, अधिक वेगवान होती आणि तिला पुढे डिस्क ब्रेक मिळत होते. तीही लाखांनी विकली गेली. आज मायनर हौसेने चालवणारे, तिच्या लाकडी चौकटीच्या ट्रॅव्हलर प्रकारातले सडलेले लाकूड नव्याने घडवून घेणारे लोक मोठ्या संख्येने आहेत, आणि मरिना मात्र औषधालाही सापडणे कठीण झाले आहे. यातला मला सर्वांत बोलका वाटणारा तपशील असा की, मायनरला चांगले ब्रेक हवे असले की मरिनाचे डिस्क ब्रेक काढून तिला बसवण्याची पद्धत पडली. धाकटी बहीण सुटी करून थोरली जगवली गेली, आणि त्याबद्दल फारसे कुणाला वाईट वाटले नाही.

हा फरक गुणांचा असता तर निकाल उलटा लागला असता. फरक कशाचा होता, तर गाडी कोणाच्या मालकीची होती आणि किती काळ होती याचा. मायनर बहुधा एखाद्या कुटुंबाने साठवलेल्या पैशांतून घेतलेली असायची आणि दहा-पंधरा वर्षे त्याच घरात राहायची. तिच्यावर घरातली माणसे गाडी चालवायला शिकायची, तिला कोणत्या गिअरमध्ये काय खुपते ते सगळ्यांना ठाऊक असायचे. मरिना मोठ्या प्रमाणात कंपन्यांच्या ताफ्यांसाठी विकली गेली. विक्रीच्या कामावर फिरणाऱ्या माणसाला ती मिळायची, दोन-तीन वर्षांत ती बदलून दुसरी यायची, आणि ती गेल्याचे त्याला काही वाटण्याचे कारण नसायचे. माझ्याकडे गाडी घेऊन येणाऱ्या माणसांना मी पहिल्यांदा हेच विचारतो की ही गाडी घरात किती वर्षे होती आणि तिच्यावर चालवायला कोण शिकले. उत्तर द्यायला माणूस किती वेळ घेतो, यावरून ते काम पुरे होणार की अर्धे पडून राहणार, याचा अंदाज मला बऱ्यापैकी येतो.

दुसरे कारण हाताशी संबंधित आहे, आणि माझ्या धंद्यात मी ते इतक्या जवळून पाहिले आहे की त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. तुमची बीटलच घ्या. तिचे मडगार्ड बोल्टने लावलेले असतात आणि मडगार्ड व बॉडी यांच्या मध्ये एक पट्टी असते. बोल्ट गंजले नसतील तर नवशिक्या माणूसही दुपारभरात एक मडगार्ड काढून नवे लावू शकतो. इंजिन मागे असते आणि गिअरबॉक्सला ते चार ठिकाणी धरलेले असते. सराव असलेली दोन माणसे ते तासाभरात खाली घेतात. काच धुण्याच्या पाण्याला दाब मिळतो तो दाबून भरलेल्या हवेतून, त्यासाठी वेगळी मोटर नाही. असे काही पाहिले की गाडी बनवणाऱ्याचा विचार आपल्याला दिसतो, आणि तो दिसला की गाडीशी एक प्रकारची ओळख होते.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ त्यांच्या १६ वर्षांच्या मुलीला घेऊन अशाच एका बीटलच्या कामासाठी आले होते. इंजिन सुरू होत होते, पण ॲक्सिलरेटर न दाबता नुसते चालू ठेवले की अडखळत होते. इंजिनाच्या सिलिंडरांना पाळीपाळीने ठिणगी पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे झाकण मी काढले आणि पॉइंटमधली, म्हणजे ठिणगीसाठी उघडमीट करणाऱ्या संपर्कामधली, फट मुलीला दाखवली. पॉइंटचा जो फायबरचा ठोकळा आतल्या दांड्याच्या उंचवट्यांवर घासतो तो हळूहळू झिजतो, तसतशी फट कमी होत जाते आणि ठिणगीची वेळ सरकते. मी फिलर गेजमधले, म्हणजे फट मोजण्याच्या पात्यांच्या संचातले, ०.४ मिलिमीटरचे पाते तिच्या हातात दिले. पाते फटीत हलक्या ओढीने सरकले पाहिजे, अडकायला नको आणि सैलही जायला नको, एवढेच मी सांगितले. तिने स्क्रू थोडा ढिला केला, फट वाढवली, घट्ट केला, तर फट पुन्हा बदलली. तीन वेळा असे झाले. चौथ्या वेळी पाते हवे तसे सरकले. झाकण लावून इंजिन सुरू केले तेव्हा त्याचा आवाज एकसारखा झाला होता, आणि तो आपल्या हातामुळे झाला हे तिला कळले. त्या दिवसानंतर ती गाडी तिच्या वडिलांची राहिली नाही. पुढच्या दोन वर्षांत त्या गाडीसाठी मला फोन आले ते सगळे त्या मुलीचेच होते.

आवडते म्हणून माणूस गाडी दुरुस्त करतो असे आपण समजतो. माझ्या पाहण्यात बऱ्याचदा क्रम उलटा असतो. दुरुस्त करता येते म्हणून माणूस तिच्यापाशी बसतो, बसल्यामुळे ती त्याला समजते आणि समजल्यावर ती त्याला सोडवत नाही. जी गाडी हात लावू देत नाही तिच्याशी हा प्रवास सुरूच होत नाही, मग ती कितीही उत्तम असो. मात्र केवळ साधेपणा पुरत नाही, हेही मान्य केले पाहिजे. मरिनाचे यंत्रही साधेच होते. साधेपणाच्या जोडीला घरातली मुरलेली मालकी असावी लागते, आणि शिवाय गाडी तिच्या वाईट काळातून जिवंत बाहेर पडावी लागते.

वाईट काळ म्हणजे साधारण दहाव्या वर्षापासून पंचविसाव्या वर्षापर्यंतचा. या काळात गाडी नवी नसते आणि जुन्या काळातली म्हणण्याइतकी जुनीही नसते, ती फक्त वापरून उरलेली असते. दुरुस्तीचा खर्च तिच्या किमतीच्या वर जातो आणि हिशेबी माणूस तिला सोडतो. बहुतेक गाड्या इथेच संपतात. माल वाहणाऱ्या गाड्या तर त्याआधीच कामातच झिजून जातात, म्हणून पूर्वी घरोघर माल पोचवणाऱ्या व्हॅन इतक्या असूनही जपलेल्या व्हॅन थोड्याच दिसतात. यातून वाचणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत योगायोगाचा वाटा मोठा असतो. कुणाची मोकळी शेड असते, कुणाला विकण्याचा कंटाळा येतो, कुणाच्या घरी वाटणीचा निर्णय होत नाही. पुढे त्याच गाडीला लोक वारसा म्हणतात.

स्मृतीचा खेळ किती विलक्षण असतो हे पाहायचे असेल तर पूर्व जर्मनीतली ट्राबांट पाहावी. झ्विकाऊ येथे १९५७ ते १९९१ या काळात तीस लाखांहून अधिक ट्राबांट तयार झाल्या. दोन स्ट्रोकचे धूर सोडणारे छोटे इंजिन, कापसाचा टाकाऊ धागा आणि रेझिन दाबून केलेल्या ड्युरोप्लास्टची बॉडी, आणि ती मिळवण्यासाठी दहा वर्षांहून अधिक प्रतीक्षा, असा तो प्रकार होता. १९८९ साली सीमा उघडली तेव्हा लोक याच गाड्यांमधून पलीकडे गेले, आणि त्यानंतर थोड्याच काळात त्यांनी त्या टाकून दिल्या, कारण चांगल्या गाड्या मिळू लागल्या होत्या. आज तीच गाडी लोक प्रेमाने बांधतात. यंत्र तेच राहिले, बदलला तो तिच्याकडे पाहणाऱ्या माणसाचा काळ. ज्यांनी तिच्यासाठी एवढी वर्षे वाट पाहिली, त्यांच्या आयुष्याचा मोठा तुकडा तिच्यात अडकलेला होता, हे त्यांना ती नाहीशी होऊ लागल्यावर जाणवले असावे.

सुटे भाग हा या सगळ्यातला व्यवहाराचा भाग आहे, पण तो भावनेपासून वेगळा काढता येत नाही. बीटलचे उत्पादन २००३ साली मेक्सिकोत थांबले तोपर्यंत २ कोटी १५ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या, आणि मूळ मांडणी इतकी थोडी बदलली की एका दशकातला भाग पुष्कळदा दुसऱ्या दशकातल्या गाडीला चालतो. म्हणून तिचे भाग आजही बनतात. एमजीबी ही १९६२ ते १९८० मधली छोटी स्पोर्ट्स कार पाच लाखांवर खपली होती. उत्पादन थांबल्यावर तिच्या पत्र्याचे मूळ साचे शोधून काढण्यात आले, आणि १९८८ पासून तिची संपूर्ण नवी बॉडी मिळू लागली. ज्या गाडीची बॉडी नव्याने विकत घेता येते ती गंजामुळे मरत नाही. चाहते असले की भाग बनतात, भाग मिळतात म्हणून नवे चाहते तयार होतात, आणि ज्या गाडीच्या बाबतीत हे चक्र कधी फिरलेच नाही ती चांगली असूनही मागे पडते.

आता तुमच्या सेडानकडे येतो. लोक तिला नाकारतात त्याचे एक कारण तिच्या पिढीशी निगडित आहे. १९८० च्या दशकापासून जस्ताचा थर दिलेला पत्रा वापरात वाढत गेला, त्यामुळे त्या काळातल्या कित्येक गाड्यांची बॉडी साठच्या दशकातल्या गाड्यांपेक्षा चांगली टिकली आहे. जाते ते बाकीचे. इंजिन चालवणाऱ्या कंट्रोल युनिटमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, वयोमानाने गळतात आणि त्यातला द्रव सर्किटच्या पाटीवरच्या तांब्याच्या रेषा खातो. प्लॅस्टिकच्या क्लिपा काढताना तुटतात. काही गाड्यांत वायरिंगवरचे आवरणच ठिसूळ होऊन गळून पडते. बिघाड डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळत नाही. त्या १६ वर्षांच्या मुलीला मी पॉइंटची फट दाखवू शकलो, पण गळलेला कपॅसिटर तिला झाकण उघडूनही ओळखता आला असता असे नाही. या पिढीच्या गाड्यांची ही खरी अडचण आहे.

तरीही यावरून सेडानचे भवितव्य ठरले असे मी म्हणणार नाही. १९८९ साली आलेल्या माझदा एमएक्स-५ या छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये इलेक्ट्रॉनिक इंधनव्यवस्था आहे, तरीही तिच्यावर लोकांचा इतका जीव आहे की २०१७ साली खुद्द कंपनीने जपानमध्ये पहिल्या पिढीच्या गाड्या नव्यासारख्या करून देण्याची सेवा आणि काही भागांचे पुनरुत्पादन जाहीर केले. कपॅसिटर हा बदलता येणारा भाग आहे, आणि रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा चांगला कारागीर ते काम करू शकतो. पंधरा वर्षांपूर्वी मी स्वतः अशा गाड्या परत पाठवत असे. आज मी त्या घेतो, कारण दरम्यान मी विजेचा संकेत पडद्यावर दाखवणारे ऑसिलोस्कोप हे यंत्र वापरायला शिकलो, आणि सेन्सरचा संकेत पडद्यावर पाहणे ही पॉइंटची फट पाहण्याइतकीच समाधान देणारी गोष्ट आहे हे मला पटले. ज्यांचे बालपण या गाड्यांमध्ये गेले ती पिढी आता चाळिशीत आहे. त्यांच्या हातांना लॅपटॉप परका नाही. या गाड्यांवर जीव जडण्याची वेळ आता येते आहे असे मला प्रामाणिकपणे वाटते.

कामाच्या पद्धतीबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती मी एका माणसाचे नुकसान करून शिकलो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका गृहस्थांनी वडिलांची गाडी माझ्याकडे सोपवली होती. स्टिअरिंगच्या काळ्या रिमवर उजव्या हाताच्या अंगठ्याच्या जागी घासून घासून एक गुळगुळीत खळगा पडला होता, आणि दरवाजाच्या वरच्या कडेला कोपर टेकून टेकून रंग जाऊन आतला प्रायमर दिसत होता. मला हे दोष वाटले. मी रिम भरून घेतली, दरवाजा रंगवला आणि गाडी अगदी नवी करून त्यांच्यासमोर उभी केली. ते आत बसले, त्यांनी अंगठ्याने स्टिअरिंगवर ती जागा चाचपली आणि ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांनी माझे पैसे दिले, आभारही मानले, पण त्यांचे वडील ज्या दोन ठिकाणी त्या गाडीत उरले होते ती दोन्ही ठिकाणे मी पुसून टाकली होती. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिवाने, २०१२ साली स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेत आहे ते जपण्याला नवे करण्यापेक्षा अधिक महत्त्व दिले आहे. ती सनद वाचताना मला तो अंगठा आठवला. तेव्हापासून काहीही उतरवण्यापूर्वी मी मालकाला गाडीत बसवतो आणि कशाला हात लावायचा नाही ते त्याच्याकडून खडूने खूण करून घेतो.

तर तुमच्यासाठी माझे मत असे आहे. लोक बीटलपाशी का थांबतात याची कारणे वर आली. ती लोकांची कारणे आहेत. तुमची मुरलेली मालकी सेडानशी आहे, असे तुमच्याच पत्रातून दिसते. बीटल सांभाळायला उद्या दुसरा कुणीही आनंदाने तयार होईल. ती सेडान सांभाळेल असा माणूस जगात बहुधा तुम्ही एकटेच आहात, आणि फिवाच्या व्याख्येप्रमाणे ऐतिहासिक वाहन ठरण्यासाठी लागणाऱ्या ३० वर्षांच्या उंबरठ्यावर ती येऊन उभी आहे. एकच गाडी ठेवता येणार असेल तर मी सेडान ठेवीन. दोन्ही ठेवण्याइतकी जागा असेल तर बीटल तुमचे हात तयार करील आणि ते हात पुढे सेडानच्या उपयोगी पडतील, त्यामुळे तो मार्ग सर्वांत चांगला. बीटलचा पत्रा मुळातूनच गेला असेल तर मात्र हे गणित बदलेल, कारण तिचे काम मग शिकण्याचे राहणार नाही, वेल्डिंगचे होईल.

म्हणून आधी बीटलच्या खाली शिरा. दोन्ही बाजूंच्या उंबऱ्यांच्या आत हीटरची गरम हवा नेणाऱ्या पोकळ नळ्या असतात, त्या आणि बॅटरीखालचा तळाचा पत्रा ही तिची सडण्याची नेहमीची ठिकाणे आहेत. जाड स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला पत्रा भद्द आवाज करतो आणि पुटी भरलेली असेल तर आवाजच मरतो. रंगाचा विचार त्यानंतर करा. सेडानच्या बाबतीत घाई वेगळ्या गोष्टीची आहे. तिचे कंट्रोल युनिट बिघडण्याची वाट न पाहता आत्ताच काढून कपॅसिटर बदलून घ्या, आणि त्याच मॉडेलची भंगाराच्या वाटेवर असलेली दुसरी एखादी गाडी मिळाली तर तिचे कंट्रोल युनिट, सेन्सर, दिवे, काचा आणि डॅशबोर्डच्या क्लिपांसकट सगळे उतरवून ठेवा, कारण या गाड्या सध्या रोज मोडीत निघत आहेत आणि काही वर्षांनी हे भाग मागूनही मिळणार नाहीत. इंधनाची टाकी जुन्या पेट्रोलने भरून ठेवू नका, आणि पंधरवड्यातून एकदा तरी गाडी इंजिन पुरते तापेपर्यंत रस्त्यावर चालवा, जागेवर नुसते सुरू करून बंद करू नका. आणि मागची सीट, जिच्यावर तुम्ही बसत होता, तिचे कापड फाटले असले तरी ते बदलण्यापूर्वी एकदा नीट विचार करा. फाटलेल्या जागी आतून पट्टी लावून शिवता येते, आणि मूळ कापड जागेवर राहते.